जुना चित्रपट पाहताना आपल्याला नेमके काय आठवते?

गेल्या दोन-तीन वर्षांत चित्रपटगृहांच्या जाहिराती नीट पाहिल्या असतील, तर नव्या नावांच्या गर्दीत अधूनमधून जुनी नावे डोकावताना दिसली असतील. २०१८ साली आलेला ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा पडद्यावर आला आणि पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेला त्याने जास्त गल्ला जमवला. ‘शोले’ला १५ ऑगस्ट २०२५ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी त्याची दुरुस्त केलेली प्रत प्रेक्षकांसमोर आली. ‘तुंबाड’चा मामला थोडा वेगळा आहे, कारण तो पाहायला गेलेल्या अनेकांचा तो पहिल्या वेळी हुकलेला होता. पण ज्याचे संवाद पाठ आहेत आणि जो हातातल्या मोबाइलवर केव्हाही दिसतो, असा चित्रपट लोक तिकीट काढून, गाडी लावायला जागा शोधत का पाहतात, हा प्रश्न उरतोच. विचारले तर बहुतेक जण सांगतात की आठवणी ताज्या होतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. कारण कशाच्या आठवणी, हे त्यात येत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे जुना चित्रपट पाहताना जे आठवते त्यात चित्रपटाचा वाटा फार थोडा असतो. आठवते ती खोली, तो पाहताना शेजारी बसलेली माणसे, आणि तेव्हाचे आपण. हे असे का होते आणि या आठवणींवर किती विसंबावे, हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी बऱ्यापैकी उलगडले आहे.

पूर्वी हा आजार समजला जाई

गतकाळाच्या ओढीला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा सुरेख शब्द आहे. ज्या युरोपीय शब्दाला तो प्रतिशब्द म्हणून वापरला जातो, त्या ‘नॉस्टॅल्जिया’चा जन्म मात्र रुग्णालयाच्या भाषेत झाला. योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्यकाने १६८८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरापासून दूर राहिलेल्या माणसांच्या झुरणीला हे नाव दिले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. परमुलखात नोकरी करणारे स्विस सैनिक घराच्या आठवणीने खंगतात, अशी तेव्हाची समजूत होती.

आपल्याकडे ही वेदना ओळखायला वैद्याची गरज पडली नाही. जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासुरवाशिणीची माहेरची ओढ पिढ्यानपिढ्या गायली गेली आहे. पुढे युरोपातही त्या शब्दाचा अर्थ सरकत गेला आणि गावाच्या ओढीची जागा काळाच्या ओढीने घेतली. गावाला निदान एसटीने परत जाता येते, काळाला जाता येत नाही. आपल्या ‘स्मरणरंजन’ शब्दात रंजन तेवढे उरले आणि वेदना गळून पडली, याची मला नेहमी थोडी चुटपुट वाटते. जुने गाणे लागल्यावर हसता हसता घसा दाटून येतो, त्या अनुभवाला हा शब्द जरा तोकडा पडतो.

आठवण एका जागी ठेवलेली नसते

आपली समजूत अशी असते की डोक्यात कुठेतरी कपाट आहे आणि आठवणी त्यात फायलींसारख्या रचलेल्या आहेत. प्रत्यक्षात तसे नसते. मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्व्हिंग यांनी १९७२ साली स्मृतीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक माहितीची स्मृती: ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला, दिग्दर्शक सचिन, त्यात दोघे मित्र भाड्याच्या खोलीसाठी बायकांचे वेष घेतात. दुसरी प्रसंगस्मृती, म्हणजे स्वतःवर गुदरलेल्या एखाद्या विशिष्ट प्रसंगाची आठवण: तो चित्रपट मी कोणाबरोबर, कुठे बसून, कोणत्या मनःस्थितीत पाहिला. जुन्या चित्रपटाने आपण हळवे होतो ते या दुसऱ्या प्रकारामुळे.

प्रसंगस्मृतीचे तुकडे मेंदूत विखुरलेले असतात. दृश्य एकीकडे, आवाज दुसरीकडे, वास तिसरीकडे, आणि त्या वेळी वाटलेली भीती किंवा आनंद आणखी कुठे. कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग या तुकड्यांचा मेळ घालून देतो. जुन्या चाळींत असा एक माणूस हमखास असे, ज्याला कोण कुठल्या खोलीत राहते, कोण कुठे कामाला आहे आणि कोणाचे कोणाशी सूत आहे, हे सगळे ठाऊक. त्याच्या स्वतःच्या खोलीत फारसे काही नसे, पण त्याने गॅलरीत उभे राहून एक हाक मारली की चार दारे उघडत. हिप्पोकॅम्पसचे काम साधारण तसे आहे. चित्रपटातला एखादा प्रसंग ही ती हाक. त्या हाकेसरशी भलतीच दारेही उघडतात आणि पडद्यावर विनोद चालू असताना आपल्याला चाळीस वर्षांपूर्वीच्या फोडणीचा वास येतो.

मूळ परिस्थितीतला एखादा तुकडा पुन्हा समोर आला की आठवण लवकर जागी होते, हे दाखवणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९७५ साली गॉडन आणि बॅडली या संशोधकांनी स्कॉटलंडमध्ये पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर ऐकवले. पाण्याखाली ऐकलेले शब्द त्यांना पाण्याखालीच अधिक आठवले, आणि किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. हा प्रयोग २०२१ मध्ये पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही, हेही सांगायला हवे. मधल्या काळातले इतर पुष्कळ प्रयोग एकत्र पाहिले तर परिसराचा परिणाम खरा दिसतो, पण त्या गाजलेल्या प्रयोगावरून वाटतो तितका जबरदस्त नाही.

आमच्या घरातले उदाहरण मला यासाठी जास्त पटते. आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहत होतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आमच्याकडे टीव्ही आला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागला की बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे, आणि आई मात्र आत स्टोपाशी असे. आलेल्यांना चहा, मग भाकऱ्या, मग कोणाच्या तरी मुलाला दूध. त्यामुळे तिने त्या काळचे सगळे चित्रपट कानांनी पाहिले. संवाद तिला आमच्यापेक्षा चोख पाठ होते, पण चेहऱ्यांचा पत्ता नव्हता. फार वर्षांनी तिला निवांत खुर्चीत बसवून त्यातलाच एक चित्रपट दाखवला, तेव्हा खलनायक पडद्यावर येताच ती आश्चर्याने म्हणाली, ‘अगं बाई, हा असा दिसतो होय!’ तिच्या आठवणीतल्या चित्रपटाला स्टोचा घरघराट होता आणि चित्र नव्हते.

मग चित्रपटच का? जुनी चादर किंवा पातेले का नाही?

तीही आठवण करून देतातच. पण चित्रपटाकडे दोन गोष्टी आहेत, ज्या घरातल्या वस्तूंकडे सहसा नसतात.

पहिली गोष्ट म्हणजे तो मध्ये दीर्घ काळ नजरेआड असतो. रोज वापरातल्या पातेल्याशी हजार दिवस जोडले गेलेले असतात, त्यामुळे त्यातला एकही दिवस ठळक होऊन वर येत नाही. एकाच खुंटीवर दहा सदरे अडकवले की हवा तो काढताना बाकीचे नऊ हाती येतात, तसे होते. पंचवीस वर्षांपूर्वी एकदाच पाहिलेल्या चित्रपटाच्या खुंटीवर एकच सदरा असतो. म्हणूनच ज्या गाण्याची लग्नाच्या वरातींनी आणि रिक्षांनी वाट लावली, ते गाणे कितीही आवडते असले तरी आपल्याला कुठेही घेऊन जात नाही. आणि कधीतरी अर्धवट ऐकलेले एखादे दुय्यम गाणे अचानक लागले तर हातातले काम थांबते.

दुसरी गोष्ट अशी की चित्रपट बदलत नाही. गाव बदलते, वाडा पाडून तिथे इमारत उभी राहते, माणसे वृद्ध होतात किंवा जातात. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले तरी पडद्यावर ते आजही तिशीतच आहेत. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा पेन्सिलने करतात, त्यात चौकट स्थिर असते म्हणून मूल किती वाढले ते कळते. चित्रपट ही तशी चौकट आहे. नायकाची बाजू घेऊन पाहिलेला चित्रपट पुन्हा पाहताना नायिकेच्या बापाचे म्हणणे पटू लागले, तर बदल कोणात झाला हे सांगायला लागत नाही.

‘बदलत नाही’ हे अर्थात चित्रपटाच्या आशयापुरते खरे आहे. त्याची प्रत नाशवंत असते, रंग उडतात, फिल्म चिकटते. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ आमच्याच गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला होता आणि आज तो पूर्ण उपलब्ध नाही. अशी पडझड थांबवण्यासाठी १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तरीही २००३ मधल्या आगीत चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

‘आमच्या वेळचे चित्रपटच चांगले होते’

हा आक्षेप प्रत्येक पिढी घेते, आणि प्रत्येक पिढीचा ‘आमचा वेळ’ वेगळा असतो, यातच त्याचे निम्मे उत्तर आहे. प्रौढ माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त येतात. आलेख काढला तर तिथे फुगवटा दिसतो, म्हणून याला स्मृतीचा उंचवटा म्हणता येईल. रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली निरनिराळे अभ्यास एकत्र मांडून तो दाखवून दिला. कारणांबद्दल मतभेद आहेत, पण सर्वांत पटणारे कारण असे की पहिल्या गोष्टी याच वयात घडतात: घरच्यांना न सांगता पाहिलेला पहिला चित्रपट, पहिला पगार, पहिले प्रेम आणि ते मोडणे. पुढच्या आयुष्यातले मंगळवार एकमेकांत मिसळून जातात. शिवाय आपण कोण आहोत हे ठरत असतानाच्या काळात जे पाहिले, ते आपल्या स्वतःबद्दलच्या कथेचा भाग होऊन बसते.

उत्तराचा उरलेला भाग चाळणीचा आहे. १९८०च्या दशकातले जे मराठी चित्रपट आज आपण पाहतो, ते काळाच्या चाळणीतून खाली आलेले आहेत. त्याच दशकात ओढूनताणून विनोद करणारे, एकाच बंगल्यात आणि एकाच बागेत उरकलेले चित्रपटही भरपूर निघाले. ते कोणी पुन्हा लावत नाही. तेव्हाचे निवडक चार आणि आताचे सरसकट चाळीस यांची तुलना केली तर निकाल आधीच ठरलेला असतो. याचा अर्थ जुने चित्रपट सुमार होते असा नाही. ‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते कोणाच्या हळवेपणामुळे नव्हे, कारण तेव्हा तो नवाच होता.

जन्माआधीच्या चित्रपटाने गहिवर का येतो?

हा प्रश्न विशीतली मुले विचारतात आणि तो रास्त आहे. वर सांगितलेला हिशेब त्यांना लागू पडायला नको. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विशीतल्या तरुणांना निरनिराळ्या दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली गेली. स्वतःच्या काळाबरोबरच आईवडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी जोडलेल्या निघाल्या. इतकेच नव्हे, तर आजीआजोबांच्या काळच्या गाण्यांपाशीही लहानसा उंचवटा दिसला. अभ्यास गाण्यांचा होता, चित्रपटांचा नव्हे, पण ज्या समाजात गाणी चित्रपटांतूनच येतात तिथे हे अंतर फार मोठे नाही.

यात गूढ काही नाही. वडील गाडी चालवताना जे गुणगुणत, ते मुलाच्या लहानपणाचा भाग झालेले असते. मुलाला आठवतो तो चित्रपटाचा काळ नसून तो चित्रपट पाहताना वडिलांच्या चेहऱ्यावर आलेला उजेड. सातासमुद्रापार वाढलेल्या मराठी मुलांच्या बाबतीत तर कित्येकदा महाराष्ट्राची पहिली ओळखच आईवडिलांनी सुट्टीच्या दिवशी लावलेल्या जुन्या चित्रपटांतून झालेली असते. उसनी आठवण म्हणा हवे तर; पण उसनी साखर घालून केलेला चहा काही कमी गोड लागत नाही.

पण ही आठवण खरी असते का?

नेहमीच नाही, आणि या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग हाच आहे. आठवण ही छायाचित्रासारखी बाहेर काढली जात नाही. दर वेळी ती नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना उणे पडलेले तुकडे अंदाजाने भरले जातात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारताना ‘लागल्या’ असा सौम्य शब्द वापरला. आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का? फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. तरी सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी होकार दिला, आणि जोरकस शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी. एका शब्दाने आठवणीत काचा फोडल्या होत्या.

माझ्या बाबतीत काचा नव्हे, आजोबा आले. ‘अशी ही बनवाबनवी’ मी आजोबांच्या मांडीला टेकून पाहिला, त्यांचे हसू फुटल्यावर त्यांचे पोट माझ्या पाठीला लागून गदगदत होते, ही माझी अगदी पक्की आठवण. अनेक वर्षे मी ती लोकांना सांगत आले. मग एकदा काकांनी सहज लक्षात आणून दिले की आजोबा १९८६च्या दिवाळीआधी गेले आणि चित्रपट १९८८चा. मी वाद घातला, कारण ते गदगदणारे पोट खोटे असणे शक्यच नव्हते. ते खोटे नव्हतेही. दुसऱ्याच कुठल्या तरी विनोदी चित्रपटाला आजोबा तसे हसले असणार. त्या चित्रपटाचे नाव मी विसरले आणि अनाथ झालेले ते हसू पुढे सर्वांत जास्त वेळा पाहिलेल्या चित्रपटाला जाऊन चिकटले.

चित्रपटाचा इथे एक मोठा उपयोग होतो. आयुष्यातल्या बहुतेक आठवणींची मूळ प्रत तपासायला मिळत नाही. शाळेतले भांडण नेमके कोणी सुरू केले, हे आता कोणीच ठरवू शकत नाही. चित्रपटाला मात्र प्रदर्शनाचे वर्ष असते आणि मूळ दृश्ये पुन्हा पाहता येतात. त्यामुळे स्वतःची स्मृती रंगेहाथ पकडण्याची संधी तो देतो. पावसात घडलेला म्हणून लक्षात राहिलेला प्रसंग भर उन्हातला निघतो, तेव्हा पाऊस बहुधा आपल्या खिडकीबाहेर पडत असतो.

‘शोले’ने या तपासणीलाच एक मजेदार कलाटणी दिली आहे. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहावरून त्याचा शेवट बदलावा लागला होता. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो, आपण पाहिलेल्या प्रतीत ऐन वेळी पोलीस येतात. मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली. मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या चित्रपटाचा शेवट ज्यांच्या मनात कोरलेला आहे, त्यांना हा ‘मूळ’ शेवट खोटा वाटला तर त्यांना दोष देता येणार नाही. निर्मात्यांनी घडवलेला खरा शेवट एक, आणि आपण जगलो तो खरा शेवट दुसरा.

जुन्यात रमणे म्हणजे पळपुटेपणा नव्हे का?

साउथॅम्प्टन विद्यापीठातील टिम वाइल्डशट, कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ सालापासून या प्रश्नावर बरेच काम केले आहे. त्यांना आढळले की माणसे बहुधा खिन्न किंवा एकटी असताना गतकाळाकडे वळतात, आणि तिथे जाऊन आल्यावर आपल्यामागे माणसे आहेत ही भावना वाढलेली असते. म्हणजे उदास माणूस जुना चित्रपट लावतो, यात उदासपणा आधी असतो आणि चित्रपट हा त्यावरचा घरगुती काढा असतो.

काढ्याला औषध समजू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना जुनी छायाचित्रे, गाणी, चित्रपट यांच्या साहाय्याने बोलते करण्याची पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की परिणाम काही ठिकाणी दिसतो, काही ठिकाणी दिसत नाही, आणि दिसला तरी बेताचाच असतो. आजार त्याने हटत नाही. दुपार बरी जाते.

माझी आई आता ऐंशीच्या पुढे आहे आणि तिला आजार कुठलाच नाही, गुडघे सोडले तर. मागच्या शनिवारी संध्याकाळी मी तिच्यासाठी त्याच काळातला एक चित्रपट लावला. घरात आम्ही दोघीच होतो, जेवणे आटोपली होती, गॅस पुसून बंद केलेला होता. मध्यंतराच्या थोडे आधी एक गाणे सुरू झाले, आणि आई गुडघ्यावर हात टेकून उठली व काही न बोलता आत स्वयंपाकघरात गेली. गाणे संपेपर्यंत ती ओट्यापाशी उभी होती.